दर उन्हाळ्यात खेळता खेळता बंद पडणारा पीसी : आधी बिघाड शोधा, मग अपग्रेडचे पैसे काढा

माझा घरी जोडलेला गेमिंग पीसी सलग तीन उन्हाळे एकाच पद्धतीने बंद पडत होता. खेळ सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे झाली की कोणतीही सूचना न देता स्क्रीन काळी होत असे, पंखे थांबत आणि दोन-तीन सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असे. पाऊस स्थिरावला की हा त्रास थांबे, त्यामुळे दर वर्षी मी शेवटचा जो उपाय केलेला असे तोच लागू पडला असे मला वाटे, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो समज खोटा ठरे. पहिल्या वर्षी मी विंडोज नव्याने टाकले, दुसऱ्या वर्षी रॅम बदलली, तिसऱ्या वर्षी मदरबोर्डच बदलायच्या तयारीत होतो. धुळ्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या पीसीलाही नेमकी हीच खोड लागली आणि त्याने फोनवर विचारले, "मामा, सरळ नवीन कार्ड घेऊन टाकू का?", तेव्हा मात्र मी ठरवले की अंदाजाने सुटे भाग बदलणे थांबवायचे आणि जे काही असेल ते मोजून पाहायचे. त्या मोजणीतून जे सापडले ते येथे सविस्तर लिहितो, कारण भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात जुने पीसी वापरणाऱ्या पुष्कळ जणांचा पैसा याच ठिकाणी वाया जातो, असे माझे मत झाले आहे.

आधी यंत्राची माहिती देतो. २०१८ च्या दिवाळीत मी हा पीसी जोडला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबतच आलेला, वर ५०० वॅट असे छापलेला एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), असा तो संच होता. चार वर्षे त्याने कसलीही तक्रार केली नाही. नंतर मी वापरलेले आरएक्स ५८०, आठ जीबी मेमरीचे कार्ड घेतले आणि त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हे बंद पडणे सुरू झाले. कार्ड बदलल्यावर हिवाळाभर सगळे सुरळीत चालले होते, म्हणून त्या बदलाचा आणि या बिघाडाचा संबंध मला दोन वर्षे जोडता आला नाही.

बंद पडण्याचा प्रकार ओळखणे

"पीसी बंद पडतो" या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार दडलेले असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. निळी स्क्रीन येऊन त्यावर काही मजकूर दिसत असेल, तर बहुधा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क यांच्याकडे बोट जाते. स्क्रीन काळी होते, पण पंखे फिरत राहतात किंवा ग्राफिक्स कार्डाचे पंखे एकदम जोरात घोंगावू लागतात, तर कार्ड किंवा त्याचा वीजपुरवठा संशयित असतो. यंत्र पूर्ण बंद होऊन बंदच राहते आणि थोडा वेळ थांबल्याशिवाय सुरू होत नाही, तर प्रोसेसरने अतितापामुळे स्वतःला वाचवले किंवा एसएमपीएसने संरक्षणासाठी पुरवठा तोडला, असे समजावे. चौथा प्रकार माझा होता. क्षणात अंधार आणि लगेच पुन्हा सुरुवात. एसएमपीएस सुस्थितीत असताना मदरबोर्डला "पॉवर गुड" नावाचा एक संकेत सतत देत असतो. व्होल्टेज मर्यादेखाली घसरले की तो संकेत काढून घेतला जातो आणि मदरबोर्ड यंत्र रीसेट करतो. व्होल्टेज सावरले की यंत्र पुन्हा उठते, आणि वापरणाऱ्याला वाटते की विंडोजमध्येच काहीतरी गडबड आहे.

विंडोजची एक सेटिंग या तपासात अडथळा आणते. निळी स्क्रीन आल्यावर यंत्राने आपोआप रीस्टार्ट करावे अशी व्यवस्था मुळातच चालू असते, त्यामुळे पहिला आणि चौथा प्रकार सारखेच दिसतात. सिस्टीम प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्ड या पानावर स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात जाऊन "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ही खूण काढून टाकावी. मग निळी स्क्रीन असेल तर ती थांबून राहील, आणि तरीही यंत्र झटकन रीस्टार्ट झाले तर बिघाड विजेच्या बाजूला आहे असे मानायला जागा होते.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टीम हा भाग पाहावा. तेथे बहुतेकांना "कर्नल-पॉवर ४१" ही लाल नोंद दिसते आणि ती पाहून लोक थेट एसएमपीएस विकत आणतात किंवा त्या क्रमांकावरून इंटरनेटवर भलतेच उपाय शोधत बसतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ते का झाले नाही हे ती सांगत नाही. तिच्या तपशिलात बगचेककोड नावाचा आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज अचानक गेली, असा निष्कर्ष बराचसा सुरक्षित ठरतो. त्या आकड्याऐवजी दुसरे काही असेल किंवा शेजारी "व्हीआ-लॉगर १८" ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद असेल, तर प्रोसेसर आणि रॅम यांच्या बाजूने तपास सुरू करावा, आणि रॅमवर एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर ते आधी बंद करून पाहावे. "डिस्प्ले ४१०१" असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळून सावरला आहे. माझ्याकडील सतरा नोंदींपैकी सतराही शून्य होत्या, आणि त्यांच्या वेळा वहीत उतरवल्यावर लक्षात आले की त्यातील बहुतेक दुपारी एक ते साडेचार या दरम्यानच्या आहेत. तीन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट मी कधी लिहून पाहिलीच नव्हती.

दुपारची आणि मध्यरात्रीची चाचणी

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम तापमानाच्या आणि व्होल्टेजच्या नोंदी दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. यंत्र बंद पडले तरी त्या फाइलची शेवटची ओळ शिल्लक राहते आणि मरणापूर्वीची नाडी पाहावी तशी ती पाहता येते. मी एकच खेळ, त्याच जागेवर, त्याच सेटिंगवर, एकदा दुपारी अडीच वाजता आणि एकदा रात्री एक वाजता चालवला. दुपारी खोलीतील तापमान ३९ अंश होते, रात्री ३१. दुपारी प्रोसेसर ८९ अंशांपर्यंत आणि कार्ड ८५ पर्यंत गेले आणि बाविसाव्या मिनिटाला यंत्र रीस्टार्ट झाले. रात्री दोन तास काहीही झाले नाही. रायझन ५ २६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे प्रोसेसर तापलेला होता, पण मर्यादा ओलांडून बंद झालेला नव्हता. तरीही दुपार आणि रात्र यांत फरक होता, म्हणजे उष्णतेचा वाटा होताच.

येथे एक काळजी घ्यावी. प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी आणि कार्डावर ताण देणारी चाचणी सुरुवातीलाच एकत्र चालवू नये; आधी दोन्ही वेगवेगळ्या चालवून पाहाव्यात आणि मगच एकत्र. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी एकट्याने चालवल्यावर माझे यंत्र शांत राहिले, कार्डाची चाचणी एकट्याने चालवल्यावरही पंधरा मिनिटे टिकले, आणि दोन्ही एकत्र चालवल्यावर चौथ्या मिनिटाला गेले. दोघे वेगवेगळे तग धरतात आणि एकत्र आल्यावर कोसळतात, याचा सरळ अर्थ असा की दोघांना मिळून वीज पुरत नाही. फरमार्कसारखी चाचणी कार्डाला कोणत्याही खेळापेक्षा जास्त तापवते, म्हणून उन्हाळ्यात ती दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नये आणि ती चालू असताना खुर्चीवरून उठू नये.

एसएमपीएसच्या लेबलवरचा हिशेब

कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढून एसएमपीएसवरचे लेबल वाचले, तेव्हा निम्मे उत्तर तेथेच छापलेले होते. मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिले होते, पण खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर होते. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी १२ व्होल्टवर जगतात, ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषांवर उरलेले किरकोळ भाग चालतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट ज्या रेषांवर दाखवले आहेत, त्यांचा खेळाला काही उपयोग नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. ६५ वॅट म्हणून विकला जाणारा हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत घेतो. जुने १०५० टीआय कार्ड ७५ वॅटचे होते, म्हणजे दोघांचे मिळून १६३ वॅट झाले आणि २१६ च्या आत ते चार वर्षे सुखाने चालले. आरएक्स ५८० चा अधिकृत आकडा १८५ वॅट आहे आणि क्षणिक उसळी त्याहून मोठी असते. ८८ आणि १८५ मिळून २७३ होतात. म्हणजे कार्ड बदलले त्याच दिवशी मी त्या एसएमपीएसवर त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे टाकले होते. हिवाळ्यात तो कसाबसा ओढत राहिला, कारण थंड हवेत त्याला थोडी सवड मिळत होती. चांगल्या एसएमपीएसची क्षमता ४० किंवा ५० अंश तापमानाला तपासलेली असते, स्वस्त एसएमपीएसबाबत तसा काही भरवसा नसतो, आणि माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये तो वरच्या बाजूला बसवलेला असल्यामुळे प्रोसेसरने सोडलेली तप्त हवाच तो आत ओढत होता. शिवाय त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे आयुष्य गमावतात. खान्देशातील सहा उन्हाळे काढलेल्या कपॅसिटरकडून नव्याची अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

हा हिशेब मल्टिमीटरने पडताळता येतो. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नये, तो पुष्कळदा चुकीचा असतो. रिकाम्या पडलेल्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारांमध्ये डीसी व्होल्ट मोजावे. एटीएक्स मानकानुसार पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ ही हद्द आहे. माझ्याकडे यंत्र रिकामे असताना ११.९ होते, रात्री खेळताना ११.५ आणि दुपारी खेळताना ११.२. मोजताना मल्टिमीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना लागणार नाहीत याची काळजी घ्यावी. एसएमपीएसचे डबडे मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

त्याच वेळी एक गोष्ट दिसली, जी पाहून मला खरोखर भीती वाटली. जुन्या एसएमपीएसला आठ पिनांचा कनेक्टर नव्हता, म्हणून कार्ड बसवणाऱ्याने दोन मोलेक्सपासून आठ पिना करणारी जोडवायर लावून दिली होती. ती ओढून काढली तेव्हा पांढऱ्या मोलेक्सचे एक भोक तपकिरी झालेले होते, पिवळ्या तारेचे आवरण पिनेजवळ आकसून कडक झाले होते, आणि नाकाशी नेल्यावर जळक्या बेकेलाइटसारखा वास येत होता. आठ पिनांचा कनेक्टर दीडशे वॅट वाहून नेण्यासाठी असतो. मोलेक्सच्या त्या बारीक, सैल झालेल्या पिनांकडून तेवढे काम करून घेणे म्हणजे घरात आगीला बोलावणे आहे. कोणाच्याही पीसीत अशी जोडवायर असेल, तर बाकीचे सगळे वाचन थांबवून आधी ती काढावी आणि तोपर्यंत खेळणे बंद ठेवावे.

घरातील वीज

एसएमपीएस दोषी ठरला तरी घरची वीज तपासणे सोडू नये, कारण नवीन एसएमपीएसही त्याच सॉकेटला लागणार आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट अपेक्षित असतात. मे महिन्यात आमच्या गल्लीतील प्रत्येक घरात कूलर चालू असतो आणि माझ्या सॉकेटवर दुपारी १९८ आणि रात्री नऊच्या सुमारास १८५ व्होल्ट मिळाले. दाब कमी झाला की तेवढेच वॅट देण्यासाठी एसएमपीएसला जास्त प्रवाह ओढावा लागतो आणि तो आणखी तापतो. म्हणून नवीन घेताना लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असा पूर्ण पल्ला छापलेला आहे, याची खात्री करावी. फक्त २०० ते २४० लिहिलेला एसएमपीएस आमच्या भागात घेऊ नये.

अर्थिंगचाही येथे उल्लेख करतो, जरी माझे रीस्टार्ट त्यामुळे होत नव्हते. अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत आणि हेडफोनमध्ये घरघर ऐकू येई. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजले तर १४ व्होल्ट निघाले. तेथे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असू नयेत. शेजारी निवृत्त वायरमन नाना राहतात, ते येऊन अंगणातील खड्डा पाहून म्हणाले, "भाऊ, खड्ड्याला पाणी घाला, जमीन तहानलेली आहे." आमची काळी माती मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवती पोकळी पडते आणि जमिनीशी संपर्कच तुटतो. आठवडाभर रोज दोन बादल्या पाणी घातल्यावर तो आकडा तीनवर आला आणि मुंग्याही थांबल्या.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक कारण संभवते. वीज गेल्यावर पीसी रीस्टार्ट होतो, पण पंखा आणि दिवा मात्र चालूच राहतात, अशी तक्रार असेल तर इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. पूर्ण भाराखाली एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद एवढाच काळ स्वतःच्या साठ्यावर तग धरतो, आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बदली व्हायला त्याहून जास्त वेळ घेतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज कार्यक्षमतेने ओढणारी रचना) असलेले अनेक चांगले एसएमपीएस त्यावर नीट चालत नाहीत. तेथे साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय आहे.

हवा, धूळ, कापूस आणि कूलर

एसएमपीएस बदलण्याआधीच मी कॅबिनेट स्वच्छ केले आणि प्रोसेसरचे तापमान नुसत्या त्यानेच नऊ अंशांनी उतरले. ज्यांच्याकडे आज पैसे नाहीत त्यांनी येथूनच सुरुवात करावी. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरावीत, कारण हवेच्या झोतात ती मर्यादेबाहेर फिरली तर बेअरिंग खराब होते. धरणगावला माझ्या एका मित्राचे घर जिनिंगच्या मागे आहे, आणि त्याच्या कार्डाचे पंखे काढल्यावर हीटसिंकवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या भागावर) धूळ दिसलीच नाही, त्यावर कापसाच्या तंतूंची बोटभर जाड गादी बसलेली होती, जी चिमट्याने धरून एका तुकड्यात उचलली गेली. कापसाचा हंगाम संपल्यावर, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा पूर्ण सफाई करणे आमच्या भागात आवश्यक आहे. दिवाळीची सफाई त्यासाठी उपयोगाची नाही, कारण खरा तंतू त्यानंतरच उडतो.

प्रोसेसरचा पंखा काढताना दोन अपघात होतात आणि दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत. एएम४ सॉकेटवरील रायझनच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वर पोहोचवणारा लेप) वाळून घट्ट झाली असेल तर पंखा सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. म्हणून आधी यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करावे, बंद करून वायर काढावी, आणि मग पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सैल करून उचलावा. दुसरे असे, की सोबत आलेला व्रेथ स्टेल्थ हा पंखा चार स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीत बसतो, आणि स्क्रू निघताच ती पट्टी बोर्डाच्या मागे गळून पडते. कॅबिनेट आडवे ठेवून मागून हात धरला म्हणजे ती जागेवर राहते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरेशी होते.

कूलरविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या कूलरमुळे खराब झालेले तीन पीसी मी स्वतः पाहिले आहेत. आपल्या कोरड्या हवेत कूलर खोलीचे तापमान आठ-दहा अंशांनी सहज उतरवतो आणि खोली जेवढी थंड तेवढा पीसी थंड, हे खरेच आहे. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर ओलावा आणि बोअरच्या पाण्यातील क्षार हे दोन्ही आत जातात. चोपड्याच्या एका ओळखीच्या मुलाच्या कार्डाच्या हीटसिंकवर पांढरी खपली जमली होती आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या हिरवट पडल्या होत्या; त्याचे यंत्र सुरूच होत नव्हते. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर यंत्र उठले, पण कार्डावरचा गंज गेला नाही. कॅबिनेट झोताच्या आडव्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, समोरची खिडकी उघडी ठेवावी म्हणजे दमट हवा बाहेर जाते, आणि कूलर बंद केल्यावर लगेच पीसी सुरू न करता खोली थोडी कोरडी होऊ द्यावी.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. त्याच्याकडे दहा हजार रुपये होते आणि ते सगळे कार्डात घालण्याचा त्याचा बेत होता. मी त्याला आधी १२ व्होल्टचे अँपिअर वाचायला लावले आणि तेही १८ च निघाले. मी माझ्यासाठी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणित, एकाच १२ व्होल्ट रेषेवर ४० अँपिअरच्या वर देणारा आणि स्वतःची आठ पिनांची वायर असलेला एसएमपीएस ४,२०० रुपयांना घेतला. १२० मिलिमीटरचे दोन पंखे हजार रुपयांना आले, एक पुढून हवा आत घेणारा आणि एक मागून बाहेर टाकणारा. थर्मल पेस्ट ३५० ची. ८० प्लस हे प्रमाणपत्र वीज किती वाया जात नाही एवढेच सांगते. टिकाऊपणासाठी पाच वर्षांची वॉरंटी आहे का ते पाहिलेले बरे. भाच्यानेही एवढेच केले आणि उरलेले पैसे बाजूला ठेवले.

त्यानंतर रॅम. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावल्याने रायझनला दुहेरी फायदा होतो, कारण दोन पट्ट्या समांतर चालतात आणि खेळातील झटके कमी होतात. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या लावाव्यात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे नवीन डीडीआर५ चा संच उभारण्याऐवजी जुना डीडीआर४ बोर्ड टिकवण्यात आज जास्त शहाणपण आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घेतल्यास यंत्र झटपट उघडते, परंतु रीस्टार्टचा आजार त्याने बरा होत नाही.

कार्डाबाबत माझे मत ठाम आहे. आमच्या हवेत कमी वॅटचे कार्ड हेच चांगले कार्ड. आरएक्स ६६०० हे १३२ वॅटमध्ये आरएक्स ५८० पेक्षा स्पष्टपणे अधिक काम देते आणि बी४५० च्या जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० खाचेतही त्याचे फारसे नुकसान होत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते, पण ते केवळ चार लेन (बोर्डाशी माहिती नेण्या-आणण्याच्या वाटा) वापरत असल्याने जुन्या बोर्डावर बरेच मागे पडते, ते टाळावे. वापरलेले आरएक्स ५८० घेत असाल तर दुकानातच जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून शेडरची (कार्डावरील गणना करणाऱ्या छोट्या घटकांची) संख्या पाहावी. ती २३०४ असावी. २०४८ असेल तर ती कमी ताकदीची आवृत्ती आहे आणि भाव त्याप्रमाणेच द्यावा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये समोर यंत्राला लावून दाखवतात, म्हणून मी तेथून घेणे पसंत करतो. मुंबईहून कुरिअरने मागवलेले वापरलेले कार्ड परत करणे फार कठीण जाते. नवे कार्ड परवडत नसेल तर आहे त्याच कार्डाची पॉवर लिमिट रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस टक्क्यांनी खाली आणावी आणि खेळ सेकंदाला ६० फ्रेमवर बांधून टाकावा. चित्रात फरक जाणवत नाही आणि उष्णता लक्षणीय उतरते.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी. बी४५० बोर्डावर बायोस (मदरबोर्डचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत केल्यास रायझन ५ ५६०० चालतो आणि तोही ६५ वॅटचाच आहे. बायोस बदलताना मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम पहाटे, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवून करावे आणि बोर्डाच्या संकेतस्थळावरील यादीत आपल्या बोर्डाची नेमकी आवृत्ती पाहूनच हात घालावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे पुष्कळांना वाटते की आता प्रोसेसर बदलावाच लागेल. पण रायझन ५ २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधील सुरक्षेची सोय) चालू केले की बहुधा पुरते. पहिल्या पिढीचा रायझन ५ १६०० मात्र त्या यादीत नाही.

नवा एसएमपीएस लावल्यावर मी तीच दुपारची चाचणी पुन्हा केली. खोलीत ४० अंश होते, प्रोसेसर ७७ वर, कार्ड ७४ वर आणि मोलेक्सवर १२.०३ व्होल्ट. तीन तासांनी मीच खेळ बंद केला.

भाच्याचे रीस्टार्टही थांबले, पण त्याच्या यंत्रात एक वेगळी खोड उरली होती, ती सांगून थांबतो. खेळताना काही होत नसे. यंत्र रिकामे पडलेले असताना, कधी रात्री डाउनलोड लावून ठेवल्यावर, ते गोठून जात असे. त्याचा प्रोसेसर पहिल्या पिढीचा रायझन आहे आणि अशा प्रोसेसरची रिकामेपणी वीज फार कमी घेण्याची अवस्था काही एसएमपीएसना मानवत नाही. बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" या नावाची सेटिंग असते, ती "टिपिकल करंट आयडल" वर ठेवल्यावर गोठणे थांबले. ही सेटिंग प्रत्येक बोर्डात वेगळ्या पानावर सापडते. त्याच्या बोर्डात ती सीबीएस नावाच्या उपविभागात होती.